न वाचता फाटलेली पुस्तकं

प्रिय अत्तार सर,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहावं असं बरेचदा मनात आलं, पण लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते तुमची आठवण दाटून आली म्हणून नव्हे. किळस आली म्हणून. येत्या शुक्रवारी शाळेत वाचनालयाच्या खोलीला तुमचं नाव द्यायचा कार्यक्रम आहे. मुख्याध्यापकांनी काल मला बोलावून सांगितलं, की सरांविषयी दोन मिनिटं तुम्ही बोला, तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी आणि आता त्यांच्याच खुर्चीवर. घरी येऊन कागद घेतला. 'आदर्श ग्रंथपाल' एवढे दोन शब्द लिहिले आणि पुढे हात चालेना. तो कागद फाडला आणि हा घेतला.

खोली तुम्ही ओळखणार नाही, सर. आकाशी रंग, नवे पडदे, समोर हा एवढा स्क्रीन, आणि शिरवळकडच्या एका कंपनीनं दिलेले दहा टॅब. मुख्याध्यापक कुठल्याशा प्रशिक्षणाला पाचगणीला गेले होते, तिथल्या एका शाळेचं वाचनालय बघून आले आणि तेव्हापासून त्यांना चैन पडेना. आपल्या पलूस तालुक्यात असं का नको? तेव्हा मलाही तसंच वाटत होतं, हे आधी कबूल करते. मला संगणकाचं वावडं नाही. धूळ झटकत बसणं म्हणजे ग्रंथपालाचं काम, असं मानणाऱ्यातली मी नाही. सगळ्या पुस्तकांची यादी एका बोटासरशी समोर येणार म्हणून मी सगळ्यांत जास्त खूश होते!

मग हे असं कसं झालं, ते तुम्हाला सांगायला हवं.

मी सातवीत असताना माझ्या धाकट्या भावानं शाळेच्या पुस्तकाची पानं फाडली होती, आठवतं? वडील तेव्हा फौजेत, घरी आई एकटी. पुस्तक फाटलं तर पालकांनी नवं आणून द्यायचं, असा नियम. आई शाळेत आली, तुमच्या टेबलापुढे पदर सावरत उभी राहिली आणि घरी गेल्यावर तिनं मला बजावलं, की पुन्हा शाळेचं पुस्तक उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. मी वाचनालयात येणंच बंद केलं. चार दिवसांनी तुम्ही मला व्हरांड्यात थांबवलंत आणि म्हणालात, "दाराजवळच्या कपाटातलं घेऊन जा. त्याची मी नोंद करत न्हाई. वाचून झालं की आणून ठिव, एवढंच."

त्या कपाटाला कुलूप नव्हतं. देवघेवीच्या रजिस्टरात त्यातलं एकही पुस्तक कधी चढलं नाही. पोरं ज्या पुस्तकावर उड्या मारायची ते पुस्तक तुम्ही आतल्या कपाटातून उचलून दाराजवळ आणून ठेवायचात. भुतांच्या गोष्टी, पाणबुडीचं ते जाडं पुस्तक, विमान कसं उडतं ते, शेळ्या राखणाऱ्या मुलीची कादंबरी. पुस्तकं जायची आणि यायची. काही नाही आली. तुम्ही त्याबद्दल कुणाला हटकल्याचं मला आठवत नाही. तुमच्यानंतर मी अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून लागले आणि कपाट तसंच चालू ठेवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तर ते जवळजवळ निम्मं रिकामं व्हायचं.

आता ऐका. संगणकात माहिती भरायचं काम माझ्याकडे आलं. दाखल नोंदवहीतली सगळी पुस्तकं आणि देवघेव रजिस्टरं मी एकटीनं भरली. सांगलीहून आलेल्या माणसानं शेवटी एक बटण दाबलं आणि जी पुस्तकं कित्येक वर्षांत एकदाही कुणाला दिली गेली नव्हती त्यांची यादी स्क्रीनवर लाल रंगात आली. म्हणाला, ही तुमची मेलेली पुस्तकं, ही काढली की नव्या खोलीला जागा झाली.

सर, दाराजवळचं अख्खं कपाट लाल होतं.

आणि आतल्या कपाटात काय शिल्लक राहिलं माहीत आहे? शिक्षकांनी स्वतःच्या नावावर घेऊन टेबलाच्या खणात ठेवलेली मार्गदर्शकं. भाषणांची पुस्तकं. बक्षीस म्हणून आलेले, कुणी न उघडलेले गौरवग्रंथ. त्यांची नोंद होती ना! रजिस्टरात ती दिली-घेतलेली होती, म्हणून ती जिवंत.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, सर, ही पुस्तकं मुलं वाचतात. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नोंद कुठाय?"

मी 'बघते' म्हणून परत फिरले. इथेच मला माझी शिसारी येते. नोंद का नाही ते सांगायचं तर नोंद न करता पुस्तकं द्यायचा प्रकार तुमच्यापासून चालत आलाय आणि मीही तो चालू ठेवला, हे सांगावं लागलं असतं. माझी पूर्णवेळ नेमणुकीची फाईल जिल्ह्याला आहे. तिच्यावर मुख्याध्यापकांची शिफारस हवी. माझ्या मनात त्या क्षणी पुस्तकं नव्हती, ती फाईल होती. तुम्हाला वाटलं असेल, सुनंदा काहीतरी बोलेल. मलाही वाटलं होतं.

निर्लेखन समितीत, म्हणजे जुनी पुस्तकं नोंदीतून काढणाऱ्या समितीत, आम्ही पाच जण. दडपे पोहे झाले, चहा झाला. पुस्तकं कपाटातच होती, उठून कुणी गेलं नाही. प्रमाणपत्र आधीच टाइप करून आणलं होतं. 'सदर पुस्तके वाचकांनी वापरलेली नसून जीर्ण व फाटलेल्या अवस्थेत असल्याने नोंदीतून कमी करण्यात येत आहेत.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. जे पुस्तक कुणी कधी घेतलंच नाही ते फाटलं कसं? कोपरे दुमडले कुणी? पाणबुडीच्या पुस्तकाच्या पानांवर चटणीच्या तेलाचे डाग पडले ते काय कपाटात बसून? पाच शिकलेली माणसं, त्यातले तिघे पदव्युत्तर, आणि एकालाही हा प्रश्न पडला नाही. मला पडला होता. मी सही केली. ग्रंथपालाची सही सगळ्यांत वर असते.

रागावू नका, पण तुमच्यावरही माझा थोडा राग आहे. तुम्ही एक ओळ तरी कुठे लिहून ठेवायची होती! रजिस्टराच्या शेवटच्या पानावर, एखाद्या चिठ्ठीवर, कुठेही. 'दाराजवळचे कपाट सर्वाधिक वाचले जाते' एवढं. पोरांना भीती नको म्हणून तुम्ही नाव लिहिलं नाहीत, ते बरोबरच. पण आकडा तरी लिहायचा. तुमचा सगळा भरवसा माणसांवर होता. तुमच्यानंतर खुर्चीवर बसणारं माणूस माझ्यासारखं निघालं तर काय, याचा तुम्ही विचारच केला नाही.

रद्दीवाल्याचा टेम्पो उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. मी मुद्दाम त्या दिवशी शाळेत गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर कपाटही नव्हतं, तेही भंगारात. आपले शिपाई तानाजीमामा पायरीवर तंबाखू मळत बसले होते. मी उगाच त्यांच्यावर चिडले, म्हटलं मामा, तुम्ही तरी दोन दिवस थांबवायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आवं बाई, यादीवर पयली सही तुमचीच हाय. न्हाईतर मी पुस्तकाला हात लावला असता व्हय?" तुमच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला माणूस तो. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आता या डिजिटल वाचनालयाची थोरवी ऐका. उद्घाटनाला दहा मुलांना टॅबसमोर बसवून फोटो काढले. टॅबवरचं प्लॅस्टिक तसंच ठेवलेलं. फोटो झाले आणि टॅब मुख्याध्यापकांच्या कपाटात गेले, कारण मुलं खराब करतील. ऐकताय ना, सर? पुन्हा तेच! तुम्ही ज्या भीतीवर उपाय म्हणून कपाट उघडं ठेवलंत, ती भीती आता नव्या कुलपात बसलीय.

टॅबवरच्या यादीत म्हणे हजारो पुस्तकं. मी एकेक उघडून बघितली. एकच निबंधांचं पुस्तक निरनिराळ्या नावांनी किती वेळा भरलंय ते मोजायचा मला कंटाळा आला. कुठे पानं आडवी, कुठे छापील मजकुरावर कुणाचं तरी बोट आलेलं, काही उघडतच नाहीत. लहान मुलांच्या विभागात मोटार दुरुस्तीची पुस्तिका सापडली. हे कुणी बघितलं? कुणी निवडलं? कुणीच नाही. मी ती पुरवणाऱ्यांना कळवलं, तर उत्तर आलं की पुढच्या वेळी सुधारू.

आणि सगळ्यांत घाण भाग पुढेच आहे. प्रत्येक पुस्तक उघडलं की संगणकात एक 'वाचन' जमा होतं. वरून आकडे मागतात. म्हणून मुख्याध्यापकांचा हुकूम, दर शनिवारी टॅब बाहेर काढून दहा मुलांना बसवायचं, एकेकानं भराभर पुस्तकं उघडायची आणि बंद करायची. मी उभी राहून सांगते, उघडा, मिटा, पुढचं. पोरं हसतात. पहिल्या शनिवारी मलाही हसू आलं होतं, आता ओकारी येते. तुमच्या कपाटातलं खरं वाचन कुठेच लिहिलं गेलं नाही. हे खोटं वाचन माझ्या देखरेखीखाली व्यवस्थित नोंदलं जातंय. तालुक्यात आपली शाळा वाचनात पुढे आहे म्हणे. शुक्रवारी ते स्टेजवर सांगतील, तुमच्या फोटोशेजारी उभं राहून.

गेल्या आठवड्यापर्यंत मी हे सगळं गिळून बसले होते. मग आठवीतली एक मुलगी दप्तरातून पाणबुडीचं पुस्तक काढून माझ्या टेबलाशी आली. सुट्टीत नेलेलं. म्हणाली, "बाई, दाराजवळचं कपाट कुठं गेलं? मी लय दिवस बघतीया. मैत्रिणींकडं बी हायेत पुस्तकं, कुठं ठिवायची?"

यादीशी पुस्तकं कुणी ताडून बघितलीच नव्हती, सर! सुट्टीत पोरांच्या घरी गेलेली पुस्तकं टेम्पोत गेलीच नाहीत. मी त्या मुलीला म्हटलं, सगळ्यांना सांग, घेऊन या. येत राहिली. कुणाच्या घरी तांदळाच्या डब्यावर ठेवलेली, कुणाची मोठी बहीण लग्न होऊन कऱ्हाडला गेली तिच्याकडून मागवलेली. आज सत्तावीस आहेत. माझ्या स्टीलच्या कपाटात, साडीच्या पिशवीत लपवून ठेवली आहेत.

लपवून, कारण मी मुख्याध्यापकांना दोन दाखवली तर ते घाबरले. म्हणाले, ही पुस्तकं रद्दीत गेल्याचं आपण लिहून दिलंय, आता ती शाळेत सापडली तर चौकशी लागेल. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची फाईल मी परवाच पुढे सरकवलीय, बाई. ही गुपचूप टाकून द्या कुठेतरी." ते वाईट माणूस नाहीत, हेच मला जास्त टोचतं. त्यांना फक्त कागद नीट असायला हवेत. मलाही गेले काही महिने तेवढंच हवं होतं.

तुमच्या घरी जाऊन चाचींना मी काल भेटून आले. शुक्रवारी फीत त्याच कापणार आहेत. तुमचा चष्मा अजून खिडकीत आहे. त्यांनी विचारलं, सरांचं ते उघडं कपाट नव्या खोलीत कुठं ठेवलंय? मी त्यांना खोटं सांगू शकले नाही आणि खरंही सांगितलं नाही. शुक्रवारी दाखवते, असं म्हणून उठले.

म्हणून हे वचन, सर. शुक्रवारी माझी दोन मिनिटं मी तुमचे गोडवे गाण्यात घालवणार नाही. ते प्रमाणपत्र मोठ्यानं वाचेन, माझी सही वाचेन, आणि मला ते खोटं आहे हे ठाऊक होतं असं सांगेन. तेच जिल्ह्याला लेखी देईन. फाईल परत आली तर येऊ दे. शनिवारची उघडझाप मी घेणार नाही.

आणि ती सत्तावीस पुस्तकं पिशवीतून काढून खोलीच्या दाराशी मांडेन. कपाट मिळालं नाही तर बाकावर. संगणकात त्यांना नवे नंबर देईन आणि प्रत्येक पुस्तक पहिल्याच दिवशी एका वाचकाला दिल्याची नोंद करेन. पोराचं नाव येणार नाही. वाचकाचं नाव सुनंदा पाटील, परत यायची तारीख कोरी. पोरं नेतील, फाडतील, हरवतील. विचारायला कुणी आलं तर मला विचारतील.

तुमची विद्यार्थिनी,
सुनंदा