दहा दिवस पाणी मारायचं

१२ ऑक्टोबर १९८६, दसरा

आलो एकदाचे नाहूरला! तळमजला, दोन खोल्या, घरात नळ आणि दाराला स्वतःची कडी असलेला संडास. नऊ वर्षं चाळीत डबा घेऊन रांगेत उभी राहिले, आज मी राणी. ह्यांची, म्हणजे दशरथरावांची, गिरणी संपात गेली तेव्हा वाटलं होतं की आता गावी जाऊन नाचणीच पेरायची. पण अंधेरीच्या कारखान्यात चिकटले, आणि नवीन वर्षाची ही डायरीही तिथूनच आणली. दहा महिने कोरी होती. आजपासून लिहिणार.

एकच खोट आहे. स्वयंपाकघराची दक्षिणेकडची भिंत ओली आहे, माणसाच्या उंचीइतकी. हात लावला की पोपडे गळतात. मालक म्हणाला, तुमचं तुम्ही बघा. बघू की! भिंतच आहे, सासू नाही.

१३ ऑक्टोबर

दत्ताराममामा कणकवलीचा, गवंडीकाम करतो, माझ्या आईचा मानलेला भाऊ. भिंतीवर टकटक करून म्हणाला, आत पोकळ आहे, फडताळ विटांनी बुजवलेलं दिसतंय. फोडून बघूया काय, असंही त्याने विचारलं. मी नको म्हटलं. दिवाळी तोंडावर आलेली, कोण पसारा काढणार?

मोरीचा फुटका पाइप त्याने बदलला आणि भिंतीला नवा गिलावा केला. जाताना बजावलं, “नलू, धा दिस पाणी मारूक व्हया. एक दिस चुकलो तरी तडे जातले.”

१४ ऑक्टोबर

पाणी मारायचं काम ह्यांच्याकडे. तांब्याने मारलं तर वाळू सुटते, म्हणून ओंजळीने सोडतात. शर्ट खराब नको, म्हणून आंघोळ झाल्या झाल्या, ओल्या पंचावर. वर एक बारीक भोक पडलं होतं. त्यात ह्यांनी भाताचा गोळा मळून बसवला. पाकीट शिताने चिकटतं, पतंग शिताने चिकटतो, मग भिंत का नाही? मी म्हटलं, वर बांगड्याचं तिखलंही वाढा.

१६ ऑक्टोबर

रोज एक भोक पडतं, कालच्यापेक्षा थोडं खाली. रोज एक गोळा लागतो. पाइप बदलला तरी ओल परत आली. वर गोल, खाली रुंद. मी ह्यांना चिडवलं, तुमचाच फोटो आलाय.

शेजारचे भाऊराव पेपर मागायला आले होते. हे उघड्या अंगाने भिंतीपुढे उभे होते, हातात भाताचा गोळा. भाऊरावांचा चेहरा एकदम पडला आणि ते पेपर न घेताच निघून गेले. कसली ही रीत!

१८ ऑक्टोबर



दत्ताराममामा काम बघायला आला. गिलाव्यावर पंजा टेकवला, आणि भिंतीने तो आत घेतला. मी डोळ्यांनी पाहिलं. तो ओरडायला लागला, मी कमरेला धरून ओढलं. हात सुटला तेव्हा तीन बोटं उलटी वळलेली होती आणि एकाचं हाड बाहेर आलेलं. भिंतीवर रक्त उडालं. फडकं आणेपर्यंत तिथे थेंबही उरला नव्हता.

मामा दवाखान्यात गेला. पुन्हा येणार नाही म्हणाला.

२० ऑक्टोबर

आज मी ह्यांना पाणी मारू दिलं नाही. अर्ध्या तासाने हे ओट्याजवळ चहा घेत होते, आणि एकदम समोरच्या दारावर जाऊन आदळले. भुवई फाटली, दोन दात पडले. म्हणाले, पोटात गुद्दा बसला. कुणाचा, ते सांगेनात.

मी ह्यांना बाहेर काढायला गेले तर हे उंबऱ्यावरच कोसळले. श्वास घेता येईना. गळा धरून पाणी, पाणी म्हणत होते. सरपटत परत आले, भिंतीवर ओंजळ सोडली, गोळा बसवला, तेव्हा कुठे श्वास लागला. मी ह्यांना टाकून कुठे जाऊ? मला फार भीती वाटते.

२१ ऑक्टोबर

भाऊरावांना हाताला धरून विचारलं. त्यांचे वडील मेलेल्यांचे विधी करणारे भटजी होते. म्हणाले, ओल्या अंगाने, दक्षिणेकडे तोंड करून, रोज भाताचा एक पिंड आणि ओंजळभर पाणी, असं दहा दिवस मेलेल्याला देतात. प्रत्येक पिंडाने त्याचा एकेक अवयव तयार होतो. पहिल्या दिवशी डोकं, नवव्या दिवशी पाय. दहाव्या दिवशी तहान आणि भूक. तुम्ही घरात कुणाचा तरी देह घडवलाय, नलिनीबाई.

कुणाचा, तेही त्यांना ठाऊक होतं. आधी इथे एक जोडपं राहायचं, आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ, माणिक. वहिनी त्याला उपाशी ठेवायची. एका दुपारी त्याने ताट मागितलं म्हणून भांडण झालं, भावाच्या शिव्या आणि वरवंट्याचे घाव भाऊरावांनी भिंतीपलीकडून ऐकले. दुसऱ्या दिवशी वहिनीने सांगितलं, भाऊजी दुबईला गेले.

ऐकलं आणि गप्प बसले! थोबाडीत मारावीशी वाटली.

२२ ऑक्टोबर

आजचं पाणी आणि गोळा द्यावाच लागला, नाहीतर ह्यांचा श्वास थांबतो. मग मी हातोडी घातली. पहिल्या घावात गिलावा फुटला. दुसऱ्या घावाला आतून वीट आली, माझ्या खांद्यावर. आत कवटी. फुटलेली. आपल्याच भाताने भरलेली. आणि जबड्यावर नवं, ओलं मांस.

मला मागे खेचायला हे धावले. त्याने ह्यांचा हात धरला. कोपरापर्यंत आत ओढला. हाड मोडल्याचा आवाज आला. आवाज ऐकून भाऊराव आले. ते आणि मी ओढतोय, सुटत नाही —

भाऊराव म्हणतात, नुसतं सांगितलं तर पोलीस हसतील, सगळं लिहून ठेवा. म्हणून लिहितेय.

२३ ऑक्टोबर, सकाळ

दहावा. हात अजून आतच. हे शुद्धीवर येतात, किंचाळतात, परत पडतात.

भाऊराव पोलिसांना आणायला गेलेत. जाताना म्हणाले, पिंड खिडकीत ठेवा. त्याची इच्छा बोलून दाखवा. पटली तर कावळा शिवेल, मग तो सोडेल.

ठेवला. चार कावळे बसलेत. शिवत नाहीत.

म्हटलं, माणिक, तुझे विधी करू. नाही. तुझ्या भावाला फासावर चढवू. नाही. रोज ताट वाढू, पोटभर. एक कावळा पुढे आला — परत फिरला.

हे ओरडले, “काय पायजे ते घे रे! घे, पण सोड!”

कावळा शिवला. गोळा घेऊन उडाला.

हात सुटला! सुटला. नुसतं चिंध्यांसारखं मांस लोंबतंय, पण सुटला. देवा —

हे उठून बसलेत. कण्हत नाहीत. मोडका हात टेकून उभे राहिले.

माठ तोंडाला लावला. संपवला. बादली संपवली.

मी अहो म्हणून हाक मारली. वळले नाहीत.

दाराला कडी घातली. डाव्या हातात हातोडी घेतलीय. माझ्याकडे बघून हसतायत, समोर मांडी घालून बसलेत.

म्हणतात, वहिनी, ताट वाढ.

मी वहिनी नाही. मी नलू. अहो, मी नलू, तुमची —

उठले. वहिनी, तेव्हा का नाही वाढलंस —

अहो, मी न