धंद्यालाही परवानगी

बाई, तुमच्या वह्यांचं पुस्तक झालंय, आणि ते हातात धरल्यावर मला शिसारी आली. पवनीला मी शिकवते त्या शाळेत ग्रंथालयासाठी पुस्तकांचा गठ्ठा आला, त्यातून निघालं. गुळगुळीत कव्हर, त्यावर गजरा माळून, दात दाखवत धान कापणारी बाई. गजरा माळून बांधीत कोण उतरतं? आत तुम्ही गोळा केलेले धानशेतीचे शब्द, तुमच्याच क्रमाने. बांधी म्हणजे धानाचं खाचर, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, बोडी म्हणजे लहान तळं. सासूवरच्या शिव्या तेवढ्या काढून टाकलेल्या. तुमचं नाव शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

हे शब्द तुम्ही कसे गोळा केलेत ते मी पाहिलंय. सातवीत होते मी. दिघोरीची शाळा सुटलीय, तुम्ही चपला हातात घेऊन शेताच्या धुऱ्यावरून चालताय आणि मी वही सांभाळत मागे. चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाया हसतात, "बाई, हे बी लिवता का?" तुम्ही लिहिता, आणि शब्दापुढे सांगणारीचं नाव. एकदा वही माझ्या हातात होती आणि मी नाव न लिहिताच पान उलटलं, तर सगळ्यांसमोर म्हणालात, "शब्द आभाळातून पडला का? तिचं नाव काहून नाही लिहिलं?" त्या दिवशी घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले होते.

तुम्ही गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. उधईने कागद पोखरायच्या आत मी सगळं टाइप केलं आणि इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळं ठेवलं. तिथे विचारलं होतं, धंद्यासाठी वापरू द्यायचं का? मी 'हो' वर खूण केली. वाटलं, कुणी छापलं तर बरंच, शब्द गावोगाव जातील. आता प्रकाशकाला फोन केला तर तो गोड आवाजात म्हणतो, "मॅडम, परवानगी तुम्हीच दिली ना? बाईंचं नाव टाकलं आहे आम्ही. सगळं नियमात आहे." खरंच नियमात आहे, म्हणून तर जास्त किळस येते. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही त्याने.

गेल्या रविवारी पुस्तक घेऊन दिघोरीला गेले. तुम्हाला सर्वांत जास्त शब्द देणारी म्हातारी अजून आहे. तिला वाचता येत नाही, पण पानापानावरून बोट फिरवून झाल्यावर नातसुनेला म्हणाली, "माहं नाव कुठं आहे, दाखव मले." नातसुनेने दोनदा पानं चाळली.

"नाही जी, आजी."

"काहून नाही? बाईनं त माह्यासमोर लिवलं होतं."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "छापणाऱ्यानं गाळलं, आजी. चोट्टे आहेत ते." तिने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि नातसुनेला चहा मांडायला सांगितला. तो चहा मी प्याले, बाई.

छापणाऱ्याने नाही गाळलं. त्याला ती नावं कधी मिळालीच नाहीत. टाइप करताना मला कंटाळा आला होता, आणि शब्दांशेजारी ती नावं मला गबाळी दिसत होती. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी तुमच्याजवळ कबूल करायला मला इतकी पानं लागली. म्हातारीला अजून खरं सांगितलेलं नाही.