मुकी फियाट

२४ एप्रिल १९९४, रविवार
निर्णय पक्का. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुंदाला धुळ्याहून आणायला मुराळी म्हणून मी जाणार, आपल्या फियाटमधून जाणार, आणि गाडीत गाणं वाजत असणार. धाकट्या बहिणीची लग्नानंतरची पहिली आखाजी. माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय पोर निघत नाही, म्हणजे सगळं माझ्यावर आहे. लग्नात तिचे मोठे दीर रुपचंद यांनी फियाटभोवती एक फेरी मारून चारचौघांत विचारलं होतं, गाडी मुकी शे का? सगळे हसले. त्यांच्या जीपमध्ये डेक आहे, म्हणून माज.
मुंबईहून मागवलेला अ‍ॅम्प्लिफायर, डेक, दोन स्पीकर आणि एक जंगी वूफर घरी आले आहेत. मगन वायरमन लावून देतो म्हणाला. नको म्हटलं. मी रेडिओ दुरुस्तीचा पोस्टल कोर्स केला आहे. अर्धाच केला, पण मुख्य ते अर्ध्यातच येऊन जातं.

२६ एप्रिल
दाळमिलमधून हाफ डे. डेक बसला. थोडे स्क्रू उरले. कंपनीवाले जास्तच देतात.

३० एप्रिल, शनिवार
वूफरचं खोकं डिकीत बसवलं. सुताराने माप चुकवलं. माप मी दिलं होतं, पण लाकूड त्याने कापलं. डिकी गच्च. सौ.ने विचारलं की कुंदाचं सामान कुठे ठेवणार. मांडीवर, म्हटलं. बायकांना टेक्निकल गोष्टींत नसते प्रश्न काढायची सवय असते.

१ मे
महाराष्ट्र दिन. सुट्टी. पहिली ट्रायल. आवाज आला! गाण्याबरोबर घूंऽऽ असा आणखी एक आवाज आला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तोही वाढतो. शेजारच्या नथ्थूनानांनी कुंपणावरून विचारलं, गहू दळाले आणू का?
अर्थिंगची वायर काढून दुसरीकडे लावली. आता दोन घूं येतात. म्हणजे दिशा बरोबर आहे.

४ मे
एसटीडी बूथवरून धुळ्याला फोन. कुंदाला सांगितलं, पुढच्या बुधवारी सकाळी अकरा वाजता येतो. घरात शिरायची गरजच नाही. चौकातूनच गाणं ऐकू येईल, ऐकू आलं की पिशवी उचल आणि दारात उभी राहा. रुपचंदरावांनाही उभं कर. ती म्हणाली, भाऊ, येष्टीमा ऊना तरी चाली. तिला म्हटलं, तू फक्त कान उघडे ठेव.

७ मे
सकाळी गाडी उठेना. गल्लीतल्या चौघांनी धक्का दिला. सौ. म्हणते, डिकीतल्या त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवरचा लाल दिवा किल्ली काढली तरी जळत असतो. समजावलं की ती पॉवरची खूण आहे, दिवा जळतोय म्हणजे माल ओरिजिनल. बॅटरीच म्हातारी झाली आहे.

९ मे
नवी बॅटरी टाकली. फ्यूज सारखा उडत होता, त्यावर कायमचा उपाय केला. नथ्थूनानांच्या सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. आता उडत नाही. थोडा वास येतो.

११ मे, बुधवार
आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. किल्ली फिरवली. टक्. परत टक्. बॅटरी नवी आहे, तरी! नव्या मालात आता दम राहिलेला नाही.
लाल दिवा मात्र झकास जळत होता.
आई म्हणाली, पोर वाट देखी राहिनी व्हई, येष्टीमा जाय. एस.टी.ने जाऊन रुपचंदच्या दारात धुळीने माखलेला उभा राहू? उद्या जातो म्हटलं. आईने सांजोऱ्यांचा डबा परत फळीवर ठेवला.

१२ मे
धक्का मारून निघालो. धक्क्याला आता फक्त सौ. आणि नथ्थूनाना. वाटेतल्या पाळधी गावापर्यंत गेलो. घूं कमी झालं होतं, पण वूफरचा बास गायब. पत्र्याच्या डब्यात मधमाशी कोंडावी तसं गाणं. असल्या आवाजात चौकात शिरणं म्हणजे आपणहून नाक कापून देणं. परत फिरलो.
गल्लीतल्या सगळ्या पोरी माहेरी आल्या आहेत. निंबाला झोका बांधला आहे, दिवसभर गाणी चालू. आईने दोनदा विचारलं, कुंदा कधी. दमलो आहे. पाठ धरली आहे, डिकीत वाकून वाकून. माझ्या कष्टांची कोणाला कल्पना नाही.

१३ मे, शुक्रवार. आखाजी. एरंडोल. दुपार.
रोजनिशी सोबत आणली ते बरं झालं, वेळ भरपूर आहे.
एरंडोलला चहाला थांबलो. ऐटीत टेप चालू ठेवला. चार माणसं जमली, एकाने मान डोलावली. चहा संपला आणि गाणं हळूहळू म्हातारं होत गेलं. मग बंद. किल्ली फिरवली. टक्.
आखाजीचा दिवस. अख्ख्या खानदेशात आज गॅरेजवाला शोधायचा तर पत्त्यांच्या डावातच. तिथल्याच एका निंबाखाली सापडला, सुकदेव नाव. म्हणाला, डाव मोडता येत नही, एक गडी जेवाले गेला, तुम्हीच बसा, लवकर सरी. बसलो. काहीतरी लावल्याशिवाय बसू देईनात. खिशातले पैसे पेट्रोलचे. अ‍ॅम्प्लिफायर लावला. तीन पत्तीत माझा हात चांगला आहे.

त्याच दिवशी, जरा वेळाने
अ‍ॅम्प्लिफायर गेला. मीही फार ओढून धरलं नाही.
सुकदेवने स्वतःची वस्तू म्हणून तो फार जपून सोडवला. मग हरलेल्या सगळ्यांनी मिळून धक्का दिला. गाडी लगेच चालू झाली. घूं नाही, काही नाही. मला वाटतं बॅटरी आता सेट झाली.

१४ मे, शनिवार
काल धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चौक ओलांडला. दारासमोर थांबलो. कोणी बाहेर आलं नाही. हॉर्न द्यावासा वाटेना, उतरून आत डोकावलो.
कुंदा पुढच्या खोलीत खिडकीशी बसली होती. नवी साडी, मांडीवर पिशवी. तोंड रस्त्याकडे, पण मी आलेला तिला दिसलो नाही. ती बघत नव्हती, ऐकत होती. हाक मारली तर दचकली. म्हणाली, भाऊ, तूच सांगं व्हतं ना, गानं ऐकू ऊनं का पिशवी उचलजो. तिची सासू म्हणाली, बुधवारपासून अशीच बसते. गल्लीत कुठे रेडिओ लागला तरी उठून दारात जायची. सणाचं ताट तसंच होतं.
रुपचंद बाहेर आले. गाडीभोवती फेरी मारली. डिकी उघडली, खोकं बघितलं, डिकी लावली आणि पिशवी मागच्या सीटवर नीट ठेवली. काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं.
घरी पोचलो तेव्हा आखाजी संपली होती. गल्लीतल्या पोरी दिवसभर झुलून, गाऊन झोपल्या होत्या.
आज सकाळी काही जणी सासरी परत निघाल्या. झोका रिकामा होता म्हणून आईने कुंदाला बसवलं. ती बसली. गाणं म्हणाली नाही, एकटीने कसं म्हणणार. मी डिकीतलं खोकं उतरवलं. सौ. त्यात कांदे ठेवणार आहे.
ठरवलं आहे, पुढच्या आखाजीला सकाळच्या पहिल्या एस.टी.ने जायचं. आधी तीन दिवस. कुंदाला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली. मग झोक्यावरूनच विचारलं, मंग आते कसाना आवाज ऐकू?