मशीनचा मागचा डावा पाय

४ जानेवारी

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि. (आईलाही. पण हे पत्र तुम्हाला आहे.)

फोनवर तुम्ही 'बरं बरं' म्हणून फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहून पाठवते आहे. शनिवारी घडलं ते क्रमाने असं :

१. मी न कळवता घरी आले. दार उघडंच होतं.
२. बाथरूममधून, लोखंडी जिन्यावरून पिंप गडगडावं तसा आवाज येत होता.
३. तुम्ही चालू वॉशिंग मशीनवर बसून मटार सोलत होतात.
४. आई समोर पालथ्या बादलीवर बसून तुमच्याशी बोलत होती.
५. काय चाललंय, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, कपडे पिळले जातायत.
६. मशीन तुमच्यासकट वीतभर पुढे आलं.
७. आईने बादली वीतभर मागे घेतली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

चौकशी केल्यावर कळलं की तुम्ही उठलात तर मशीन चालत जाऊन दार आतून अडवतं. म्हणून कित्येक वर्षं धुण्याच्या दिवशी तुम्ही त्यावर बसता. यात विशेष काय, असं वर मलाच विचारलंत.

विशेष असं, की मी पंपांच्या कारखान्यात कंपनं मोजते. कुठला पंप किती थरथरतो आणि ते थांबवायला काय करावं, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. माझ्याच वडिलांचा वजन म्हणून वापर होतो, हे मी तिथे कुणाला सांगू शकत नाही. तुम्ही आयुष्यभर बस चालवलीत. निवृत्तीनंतर माणसाने स्थिर खुर्चीवर बसावं.

पुढच्या आठवड्यात नवं मशीन येईल. ते हलत नाही. मी खात्री केली आहे. जुनं आत्याकडे जाईल. तिचं बिघडलंय, आणि तिने आनंदाने हो म्हटलं आहे.

लोभ आहेच. त्याबरोबर मशीनवरून खालीही उतरावं, ही विनंती.

आपली,
मोजपट्टी
(हे नाव तुम्हीच ठेवलेलं असल्यामुळे वापरते.)


१९ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद, सर्व सेंटीमीटरमध्ये.

नवं मशीन आलं. फार गुणी आहे. इतकं गुणी की चालू आहे की नाही हे कळायला मी मधूनमधून त्याला कान लावतो. कपडे स्वच्छ निघतात, तक्रारीला जागाच नाही. आणि तक्रारीला जागा नसली की माझी जरा पंचाईत होते.

पहिल्या दिवशी सवयीने मी त्याच्यावर बसलो. ते लगेच थांबलं, लाल दिवा लागला आणि पीं पीं सुरू. उतरलो, तर चालू झालं. पुन्हा बसलो, पुन्हा बोंबललं. तुझी आई माहितीपुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, त्याला वर ओझं चालत नाही असं लिहिलंय. 'ओझं' हा शब्द तिने माझ्याकडे बघत जरा सावकाश वाचला.

तुझी आत्या टेम्पो आणून जुनं मशीन घेऊन गेली. मी तिला नीट समजावलं की पिळायला लागलं की वर बसायचं. ती म्हणाली, दादा, मला काय दुसरे उद्योग नाहीत का? बरं, बसली तरी काय, ती हडकुळी. तिला ते जुमानणार नाही. टेम्पो वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. डोळ्यांत धूळ गेली.

आता धुण्याच्या दिवशी मला सुट्टी. गच्चीवर जातो, खाली येतो, नळ गळतोय का बघतो. गळत नाही. तोही तूच बदललास. कंबर मात्र आखडते. इतकी वर्षं बसच्या सीटवर आणि मग मशीनवर हललेलं अंग, एकदम स्थिर झालं की कुरकुरणारच. काळजी नसावी.

तुझा,
(रिकामा) बाप

ता. क. (आईच्या अक्षरात) : सगळं ठीक. घर शांत आहे. फारच शांत आहे.


११ फेब्रुवारी

चि. बाळीस,
आशीर्वाद पटकन उरकते, कारण सांगायचं पुष्कळ आहे आणि ऐकायला घरात कुणी नाही.

मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांना दुसऱ्यांशी जोडून दिलं. मनात म्हणायचे, आपण दोघं निवृत्त झालो की आपली लाइन जोडू. पण तुझ्या बाबांच्या सीटमागे 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असायची, ती त्यांनी पाठीला चिकटवूनच घरी आणली. मी तोंड उघडलं की त्यांना गच्ची आठवते.

त्या मशीनवर तेवढे ते जागेवर असायचे. उठायची सोयच नव्हती, ते दार अडवायचं ना! कपडे पिळून होईपर्यंत मी सगळ्या गल्लीची खबर सांगून घ्यायचे. आणि ते उत्तरंही द्यायचे गं. नाही म्हणायचं असलं तरी 'ना-ना-ना-नाही' असं यायचं. अशा माणसाचा राग तरी कसा यावा?

आता ऐक. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर घर सोडून गेले आणि तिथे ट्रम्पेट शिकवणारी बाई आली. हे सांगायला मी आठवडाभर त्यांच्या मागे आहे. काल जेवताना तुझे बाबा आपणहून म्हणाले, डॉक्टरांचे पेशंट हल्ली फारच ओरडतात. मी सांगायला घास खाली ठेवला, तोवर ते हात धुवायला गेले.

तर मी महिनाअखेरीला तुझ्या मावशीकडे जाते आहे. किती दिवस ते ठरवलेलं नाही. भांडण नाही, रागही नाही. मावशी निदान ऐकते. मध्येच तिला डुलकी लागते, पण ती बसल्या जागी लागते. बाबांना सांगितलं. ते जिन्यात होते. बरं बरं म्हणाले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आई


१४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न.

आई महिनाअखेरीला मावशीकडे चालली आहे. तुम्ही जिन्यात 'बरं बरं' म्हणालात ते याला. हे तुम्हाला कळलं आहे का, याची मला खात्री नाही, म्हणून खाली रेघ मारली आहे.

उपाय : दोन खुर्च्या समोरासमोर ठेवा. चहा घ्या. आई बोलेल. चहा संपेपर्यंत उठू नका. गुंतागुंत नाही.

लोभ माझ्यावर असू द्या, पण आधी तिच्यावर.
मोजपट्टी


२० फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

रेघ वाचली. तोवर मला वाटत होतं की मावशीच इकडे येते आहे.

खुर्च्या ठेवल्या. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसल्यासारखे आम्ही बसलो. तुझी आई म्हणाली, बोला. मी म्हटलं, तूच बोलणार होतीस ना? ती म्हणाली, असं एकदम नाही येत. चहा फार गरम होता तरी मी प्यायलो. जीभ पोळली, ती थंड करायला उठलो. परत आलो तर तिची खुर्ची रिकामी.

तुला कसं सांगू? बस चालवताना मागे माणसं भरलेली असायची आणि सगळी गप्पा मारायची. मी कधी मागे वळून बघितलं नाही, पण त्या आवाजावर गाडी नीट चालायची. तुझ्या आईचं बोलणं मला तसं लागतं. फक्त खालचं काहीतरी हलत असावं लागतं. हे तिला सांगायला गेलो तर ती माळ्यावरून बॅग काढत होती, म्हणून स्टूल धरलं आणि तसाच परत आलो.

तू काहीतरी मोज.

बाबा


२१ फेब्रुवारी

माझ्या हुशार भाचीस,
आशीर्वाद. रागात असले तरी देते.

तुझं ते मशीन काल माझ्या मागे लागलं. मी बाथरूममध्येच होते. ते पिळायला लागलं आणि टुणटुण करत जाऊन दाराला टेकलं. दादाचं ऐकून मी चढून बसले, तर ते मलाही घेऊन फिरलं. शेवटी शेजारच्या सुताराने दार बिजागऱ्यांतून काढलं. मी वर बसलेली, हातात साबण. तो विचारतो, कुठे निघाला होतात काकू?

आत्ताच्या आत्ता घेऊन जा. तुझ्या बाबांच्याच वळणावर गेलंय ते : जरा नजर हटली की उठून चालायला लागतं.

तुझी (सुटका झालेली) आत्या


१ मार्च

तीर्थरूप आई आणि बाबांना,
सा. न. दोघांना एकत्रच, कारण आता एकत्र वाचाल असं दिसतं.

शनिवारी मी निरोप न घेता निघाले असं वाटलं असेल. 'येते' असं मी दोनदा म्हटलं. तुम्हाला ऐकू गेलं नाही. म्हणून काय झालं ते लिहिते.

आत्याकडून मशीन आणून जागेवर लावताना मी त्यावर पातळी बघायची पाणसळ ठेवली. मागचा डावा पाय आखूड होता. दुसरा काहीही दोष नव्हता. पहिल्याच दिवशी पान्याने तो पाय जरा फिरवला असता तर नवं मशीन आणावंच लागलं नसतं. पण बाबा वर बसलेले दिसले आणि माझी तपासणी तिथेच संपली. कारखान्यात अशा माणसाला परत शिकाऊ करतात.

मी पाय सरळ केला आणि मशीन सुरू केलं. कपडे पिळायला लागलं तरी ते खांबासारखं उभं. मला समाधान वाटायला हवं होतं. तुम्ही दोघं दारात उभे होतात. बाबांनी विचारलं, म्हणजे आता बसायची गरज नाही? मी म्हटलं, नाही. बाबा बरं बरं म्हणाले आणि गच्चीकडे वळले. आईने पालथी बादली उचलून सरळ ठेवली. बाहेरच्या दाराशी तिची भरलेली बॅग होती, वर छत्री.

मी पुन्हा पाना घेतला.

पाय पूर्वी होता त्याहून थोडा जास्तच आखूड केला. पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. मी मुद्दाम वाकडं ठेवलेलं हे पहिलं यंत्र. ते दाराच्या दिशेने निघालं मात्र, बाबा जिन्यावरून परत आले. वयाच्या मानाने वेग चांगला होता. काही न विचारता वर चढून बसले. आईने बादली पालथी घातली आणि दाताच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली. बाबा म्हणाले, ट्र-ट्र-ट्रम्पेट? आई हसता हसता बादलीवरून घसरली. बाबांना उतरता येईना, म्हणून त्यांनी वरूनच हात दिला. तो हात पुढे बराच वेळ तिथेच होता. त्याचं कारण मी तपासलेलं नाही.

बॅग मी माळ्यावर ठेवली. छत्री दाराशीच राहिली आहे.

नवं मशीन माझ्याकडे आणलं. ते उत्तम आहे. माझ्या खोलीत सगळंच उत्तम चालतं. कशाचाच आवाज येत नाही. काल प्रयोग म्हणून मी त्यावर बसले. लाल दिवा लागला. तरी थोडा वेळ बसून राहिले. पीं पीं करत होतं, तेवढीच सोबत.

आता सूचना. कुठल्याही मेकॅनिकला त्या पायाला हात लावू देऊ नये. बाबांनी वजन कमी करायचं ठरवलं तर आधी मला कळवावं, पाय पुन्हा जुळवावा लागेल. आईच्या बातम्या संपण्याआधी कपडे पिळून होत असतील तर पुन्हा पिळायला लावावेत. कपड्यांची तक्रार नसते. आणि यापुढे मी धुण्याच्या दिवशीच येत जाईन. मटार माझ्यासाठी ठेवावेत. उंबऱ्यावर एका माणसाला बसायला जागा आहे, मी मोजून पाहिली आहे.

लोभ असाच थोडा हलता राहू द्यावा.

आपली,
मोजपट्टी

ता. क. : पाय मी अंदाजाने ठेवला आहे, तशी मला सवय नाही. मशीन पुरेसं हलतंय की नाही, ते येत्या शुक्रवारपर्यंत कळवावं.