वशिंडाचं हाड

प्रिय तनू,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'जेवले' इथंच संपतं, आणि मला आज पोटभर बोलायचंय. तुझा भाऊ म्हणाला, आप्पा, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा. पण माझ्याच्यानं त्या डबड्याशी एकट्यानं बोलणं होत नाही.

तर बाईसाहेब, मी रविवारी तुमच्या संग्रहालयात येऊन गेलो. त्या दिवशी तुला सुट्टी असते, म्हणून मुद्दाम रविवारच गाठला. तुझ्या आईला सांगितलं, माण गावी सोयऱ्यांकडं जातो. खरं कसं सांगणार? मेल्या जनावराची हाडं उकळणाऱ्या हातांनी माझ्या देवघराला शिवू नको, असं ती बोलली आणि तू पिशवी भरून कासारवाडीला खोली घेतलीस. तेव्हापासून ती रोज ताटं घेताना एक जास्तीचं काढते आणि परत फडताळात ठेवते. मी पेपरात डोकं घालतो. आपल्या घराला दुखणं म्हणशील तर एवढं एकच आहे, पण ते काही केल्या बरं होत नाही.

आत शिरलो तर काय गं ते! घोडा, कुत्रा, मगर, माकड, सगळे कातडी घरी ठेवून आल्यासारखे उभे. वटवाघळाची बोटं बघून तर मी हातच जोडले. एवढ्या काड्या कुठल्या चिमट्यानं बसवल्यास? खाली पाटीवर बारीक अक्षरात, सांगाडा जोडणी, तनुजा जयसिंग देवकर. त्यात माझंही नाव आलं की! चष्मा पुसून दोनदा वाचलं.

मग बैल दिसला. शिंगांवरून लांबूनच ओळखला, खिलारी. जवळ गेलो, बघतो तर काय. वशिंडच नाही! मानेमागं जिथं डौलदार उंचवटा हवा, तिथं पाठ आपली सरळ चाललेली. म्हटलं, झालं, पोरीनं हाड हरवलं. आयुष्यभर शर्यतीच्या घाटात बैलगाडा पळवलेला माणूस मी, मला नाही कळणार? कुणी जाणता येऊन हसेल, या भीतीनं मी बैलापुढं जो उभा राहिलो तो हललोच नाही. लोक म्हणतायत, काका, बाजूला व्हा, फोटो काढायचाय. मी ढिम्म. शेवटी तिथल्या मॅडम आल्या. त्यांना हळूच म्हणालो, पोरगी नवी आहे हो, एक हाड राहिलंय, बोभाटा करू नका, उद्या आली की बसवेल. त्या आधी माझ्याकडं बघतच राहिल्या, मग ओढणी तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, काका, वशिंडात हाड नसतंच, नुसतं मांस आणि चरबी.

घ्या! आपल्या हरण्याच्या वशिंडाला मी किती तेल जिरवलं असेल. शर्यतीत बारी मारली की पहिला भंडारा वशिंडावर. तू चिमुरडी असताना त्यालाच धरून त्याच्या पाठीवर बसायचीस, आणि तो खांब झाल्यासारखा उभा राहायचा. तो गेला तेव्हा खड्ड्यात मीठ घातलं आणि तुझ्या आईनं लग्नातला शालू त्याच्यावर पांघरला. दहावा घातला, चौकात फ्लेक्स लावला. ती तर आठवडाभर नीट जेवली नाही.

तिथल्या बाकावर मी बराच वेळ बसलो. खुरापासून बरगडीपर्यंत सगळं जिथल्या तिथं. वाटलं, आता मान हलवेल. तनू, तू हाडं उकळतेस एवढंच घरात सगळे बोलतात. मेल्या जिवाला तू परत चार पायांवर उभं करतेस, हे कुणी सांगितलंच नव्हतं गं. मला फार अभिमान वाटला. घरी आल्यावर माणचं सोंग काही टिकलं नाही, आईला सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत राहिली. मग एवढंच विचारलं, बारीक झालीय का वो ती? मी म्हटलं, भेटलोच नाही.

आता खरं काम सांगतो. आपल्या चाकणच्या शेतातून कंपन्यांकडं जाणारा रस्ता निघालाय आणि आखणी नेमकी हरण्याला पुरलं तिथूनच आहे. संक्रांतीनंतर जेसीबी लागणार. काल भावकी आपल्या ओसरीवर जमली होती. हाडं पोत्यात भरून इंद्रायणीत सोडावीत, असं सगळ्यांचं ठरत आलं होतं. तेवढ्यात तुझी आई आतून पदर खोचून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, माझ्या हरण्याला परक्याचा हात लागायचा न्हाई. माझी लेक काढंल त्याला, अन् तीच उभा करंल. आज सकाळी उठून बघतो, तर माळ्यावरचं लग्नकार्याचं मोठं पातेलं काढून ती अंगणात चिंच लावून घासत बसलेली. हाडं उकळायला म्हणे. पुरलेली हाडं उकळावी लागतात का, मला ठाऊक नाही, आणि तिला विचारायचा धीर झाला नाही. तूच येऊन सांग.

तुझाच,
आप्पा