सप्टेंबरसाठी ठेवलेली जागा

दि. ६ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आमच्या हवामान कचेरीत एक कोडं पडलंय आणि साहेबांनी ते माझ्या गळ्यात मारलंय. गेली काही वर्षं मापकात पाऊस पूर्वीइतकाच भरतो, तरी तुझा तलाव उन्हाळ्याआधीच तळ गाठतो आणि शहराला दिवसाआड पाणी. मग एवढं पाणी जातं कुठे? आई म्हणते, धरणाच्या दरवाजांवर तुझी नेमणूक आहे म्हणजे तू डुलक्या काढत असणार. खरं काय ते सविस्तर कळव. मामीला नमस्कार, लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी डोकं खाणारी भाची

दि. ११ ऑगस्ट

चि. चौकशीबाईस,
अ. उ. आ.

आईला सांग, डुलकी फक्त जेवणानंतर. पाणी कुठे जातं म्हणतेस? अगं, मीच सोडतो! ऑगस्ट संपेपर्यंत तलाव पाऊणच भरू द्यायचा, वरचं नदीत सोडायचं, असा जुना नियम. राहिलेली जागा सप्टेंबरच्या पावसासाठी. पूर्वी तो महिनाभर संथ पडायचा, तलाव काठोकाठ व्हायचा. आता सगळा पाऊस जुलैतच धबाधबा कोसळतो आणि सप्टेंबर कोरडा ठणठणीत. तुझं पत्र येईपर्यंत मलाही वाटायचं, पाऊसच कमी झालाय.

दरवाजे आताच बंद करता येतील. पण सप्टेंबरात अवचित मोठा पाऊस आला, तर सगळे एकदम उघडावे लागतील. खाली नदीकाठचं पहिलंच घर तुझ्या आईचं. मला भीती वाटते गं.

तुझा मामा

दि. २० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पोरीने तुझ्या धरणाच्या साहेबांच्या मागे लागून दरवाजे लवकर बंद करायची परवानगी मिळवली आणि तू माझं घर पुढे करून अडून बसलास म्हणे. लहानपणीही असाच हटून बसायचास. काठावरच्या सगळ्यांना पोरीने बोलावून समजावलंय. भोंगा वाजला की आम्ही टेकडीवरच्या शाळेत जाणार. माझी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. तू दरवाजे बंद कर.

मला काळजी वेगळीच आहे. पाऊस आलाच, तर उघडायच्या वेळी माझं घर तुझ्या डोळ्यांपुढे येईल आणि तू थांबशील. थांबलास तर धरण जाईल, मग खाली कोणीच उरणार नाही. तेव्हा मला विचारायला वेळ नसेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते : उघड.

तुझी ताई