सिरीनचा उघडा चेहरा

स्फाक्स, ता. ४ मे

प्रिय मबरूकामावशीस,

सिरीनचा मनापासून सलाम, वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून केर्केनाच्या बोटीवरच्या हबीबदादाबरोबर पत्र पाठवते आहे.

माझं लग्न ठरलं. मुलगा शेडली, चष्म्याच्या दुकानात बसतो. हळू बोलतो, चांगला वाटतो. पण मावशी, ठरलं ते माझ्या चेहऱ्यावर नाही, एका बाटलीवर. माझ्या पुटकुळ्या तुला ठाऊकच आहेत. बघायला येणार म्हटल्यावर आईने बाब दिवान वेशीजवळच्या दुकानातून स्वस्तातलं मॅट फाउंडेशन आणलं. तेलकट कातडीवर टिकतं, चमकत नाही, असं दुकानदारीण म्हणाली. आणि खरंच टिकलं गं! शेडलीची आई नजीबाकाकू माझी हनुवटी धरून म्हणाल्या की पोरीची कातडी म्हणजे नुसतं लोणी. आई लाजली, जणू लोणी तिनेच घुसळलं होतं.

आता ते लोणी रोज लावावं लागतं. शेडलीची आत्या समोरच राहते, म्हणून आई मला कपडे वाळत घालायलासुद्धा ते न लावता जाऊ देत नाही. दुपारपर्यंत नाकावरचं वितळतं, हनुवटीवरचं पापुद्रे धरतं आणि रंग विटकरी होतो. आतून सगळं ठणकतं. झोपताना धुते तेव्हा आरशात दुसरीच कुणीतरी दिसते.

तुझी माया असू दे.

तुझी सिरीन

केर्केना, ता. ९ मे

चि. सिरूस,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू आलं नाही. तुझ्या आईला लहानपणापासून फुटकं मडकं लिंपून विकायची हौस. आमच्याकडे ऑक्टोपस वाळत घालतात तेव्हा त्यालासुद्धा वारा लागू देतात; तुझ्या गालांनी काय पाप केलं?

लावायचंच असेल तर बोटाने थोपू नकोस. चेहरा धू, कोरडा होऊ दे, ओल्या स्पंजाने पातळसं टेकव, आणि तेल सुटलं की कागदाने नुसतं टिप. वरून दुसरा थर नको. पण खरं औषध डॉक्टरकडे आहे, आणि त्याहून खरं म्हणजे शेडलीला सांगून टाकणं. चष्मेवाला आहे ना? त्याला दिसू दे की.

इकडे मासळी बरी आहे. माझा गुडघा तेवढा रुसलाय.

आठवण ठेवत जा.

तुझी मावशी

स्फाक्स, ता. २ जून

प्रिय मावशीस,

सलाम, वि. वि.

स्पंजाचा उपाय लागू पडला, पण डॉक्टरचं नाव काढताच आई म्हणाली की दवाखान्यात सगळं गाव बसलेलं असतं, लग्न होऊ दे, मग हवं तिथे जा. शेडलीला सांगायला तीनदा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी आई सरबत घेऊन आत आली.

मग हमाम आला. लग्नाआधी सासरच्या बायका नवरीला हमामात न्हायला नेतात आणि तिथल्या वाफेत कुठलंच फाउंडेशन टिकत नाही. आई म्हणाली, ताप आलाय असं सांगू. मी म्हटलं की मग लग्नाच्या रात्रीही ताप येईल का? ती रडायला लागली. मी गेले.

पहिल्याच तांब्याला सगळं ओघळलं. नजीबाकाकूंनी पाहिलं. बाकीच्या बायका गाण्यात होत्या. काकूंनी स्वतःच्या टॉवेलने माझं तोंड झाकलं आणि मला कोपऱ्यात नेलं. मला वाटलं, मोडलं. पण त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं की घाबरू नकोस, पुरुषांना हे कळायची गरज नाही. त्या स्वतः नवरा उठायच्या आधी उठतात आणि तोंड रंगवूनच चहा ठेवतात. शेडलीनेही आईला कधी रंगाशिवाय पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगल्यातल्या तीन बाटल्या पाठवल्या.

मावशी, त्यांनी प्रेमानेच पाठवल्या. म्हणून जास्त गुदमरतंय. शिव्या दिल्या असत्या तर दार तरी उघडं राहिलं असतं.

मला विसरू नकोस.

सिरीन

केर्केना, ता. ६ जून

सिरू,

आशीर्वाद.

पत्रिका वाटल्यात म्हणून जन्म वाटून टाकायचा नसतो. बोट रोज सुटते. माझ्याकडे खोली आहे, आरसा नाही. यायचं असेल तर ये. नाही तर त्या पोराला गाठ, आणि आई सरबत घेऊन येणार नाही अशा जागी गाठ.

तुझीच,
मावशी

स्फाक्स, ता. २० जून

प्रिय मावशीस,

सलाम, वि. वि.

तोंड धुतलं आणि भर दुपारी त्याच्या दुकानात गेले. रस्त्यात वाटत होतं, अंगावर कपडेच नाहीत. शेडलीने मान वर केली आणि विचारलं की बरं नाही का. मी म्हटलं, हीच मी. तो बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिला. मग म्हणाला की मला चालेल, पण आईला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल.

मी हसले गं. रडूही आलं. मायलेकांना दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांसाठी मीच रंगायचं!

गुरुवारी त्यांच्याकडे जेवण होतं. तशीच गेले. माशाचा कुसकुस वाढता वाढता काकूंचा हात थांबला. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. शेडलीनेही डोळ्यांनी तेच सांगितलं. मी बसून राहिले आणि हरिसाची तिखट चटणी मागितली. सासऱ्यांनी वाटी सरकवली आणि विचारलं की डास चावले का. मी म्हटलं की नाही, पुटकुळ्या आहेत, पहिल्यापासूनच आहेत. ते म्हणाले, त्यांच्या बहिणीलाही होत्या, आणि माशाचं डोकं फोडायला लागले. बाकी कुणी घास घेतला नाही.

त्यानंतर शेडली घरी आला. लग्नाला उभी राहशील ना, असं विचारलं. मी म्हटलं, तू तुझ्या आईला काय सांगतोस त्यावर आहे. म्हणे त्यांच्या घरात पहिल्यांदा आवाज चढले. आई माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरकडे मी एकटीच जाऊन आले.

आज नजीबाकाकूंचा निरोप आला. तारीख तीच. फक्त त्यांनी फोटोवाल्याला दिवे मंद ठेवायला सांगितले आहेत.

मी त्या फोटोवाल्यालाच फोन केला. म्हटलं, सगळे लाव.

तू पहिल्या रांगेत बस. तुझा लोभ मला लागणार आहे.

तुझी सिरीन